ऑपरेशन आयव्हीचा 'एनर्जी' : कच्चा राहिलाय की तसाच हवा होता?

उपठेका

स्का-पंकचा, म्हणजे जमैकाचं स्का आणि पंक रॉक यांच्या मिश्रणाचा, विषय निघाला की 'एनर्जी'चं नाव आल्याशिवाय राहत नाही, आणि ते आलं की तट पडतात. एका बाजूचं म्हणणं, या प्रकारात याच्या तोडीचा अल्बम पुन्हा झाला नाही. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आवाज फाटका, गाणी अर्धीमुर्धी, गायकाचा सुराशी संबंध नाही. बँड लवकर मोडला म्हणून दंतकथा झाली आणि दंतकथेवर अल्बम तरला. मी पहिल्या बाजूचा. पण दुसऱ्या बाजूच्या तक्रारी मला फालतू वाटत नाहीत, म्हणून हा धागा.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी पार्श्वभूमी. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या आसपास १९८७च्या मेमध्ये हा बँड सुरू झाला. गायन जेसी मायकल्स, गिटार टिम आर्मस्ट्राँग (तेव्हा 'लिंट' या नावाने), बेस मॅट फ्रीमन, ड्रम डेव्ह मेलो. नाव घेतलं ते अमेरिकेने १९५२ साली मार्शल बेटांवर केलेल्या अणुचाचण्यांच्या मोहिमेवरून. पहिल्या हायड्रोजन बॉम्बचा स्फोट त्याच मोहिमेतला. १९८८मध्ये 'हेक्टिक' ही छोटी तबकडी आली, १९८९मध्ये 'एनर्जी'. दोन्ही लुकआउट या छोट्या लेबलवर. २८ मे १९८९ला गिलमन स्ट्रीटवरच्या क्लबात शेवटचा कार्यक्रम झाला आणि संपलं. दोन वर्षं, एक पूर्ण अल्बम, १९ गाणी, सगळी मिळून अर्ध्या तासाहून थोडी जास्त.

माझं म्हणणं असं. 'साउंड सिस्टिम' ऐका. कडव्यात गिटार स्वच्छ, मात्रांच्या मधल्या जागी वर ओढलेले तुटक ठोके, म्हणजे सरळसरळ स्का. ध्रुवपद आलं की डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका आवाज, उघडतं आणि सगळे मिळून ओरडतात. या दोन तुकड्यांमधला सांधा कुणी घासून गुळगुळीत केलेला नाही. गाणं दर वेळी तिथे ठेचकाळतं आणि तसंच पुढे उडी मारतं. मला आनंद मिळतो तो नेमका त्या जागी. पुढे १९९५ ते ९७च्या दरम्यान हा प्रकार रेडिओवर गाजला तेव्हा बहुतेक बँडनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर हा सांधा लपवला. स्का आणि पंक एकत्र वाजवणारे पुष्कळ झाले. दोघांची टक्कर ऐकू येते ती इथे.

तुमचं काय मत? आवडत नसेल तर कुठलं गाणं आणि का, हे लिहिलंत तर बोलता येईल.


दोनरंगी

लेख चांगला आहे, पण माझी मुळातच हरकत आहे. याला स्का का म्हणायचं?

साठच्या दशकाच्या सुरुवातीचं जमैकातल्या किंग्स्टनचं संगीत घ्या. स्कॅटलाइट्स हा बँड ऐका. गिटार-पियानोचा उपठोका, म्हणजे मात्रांच्या मधला ठोका, तिथेही आहे, पण तो ठोका उसळतो, कारण खाली बेस आणि ड्रम निवांत चालत असतात. त्या निवांतपणावर सगळं उभं आहे. १९७९ला इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत टू-टोनवाल्यांनी (टू-टोन हे लेबल आणि त्याभोवतीचे स्का बँड) वेग वाढवला, पंकचा राग आणला, तरी ती मोकळी जागा राखली. द स्पेशल्सनी रिको रोड्रिगेझसारखा जमैकन ट्रॉम्बोनवादक सोबत घेतला तो काही शोभेसाठी नाही. तो आला आणि त्याच्यासोबत त्या संगीताची चाल आली.

'एनर्जी'मध्ये ड्रम बहुतेक वेळ पंकच्याच घाईत असतात. उपठोका आहे, पण त्याच्या खाली जमीन नाही. मला तो स्काच्या आठवणीसारखा ऐकू येतो. पंक अल्बम म्हणून चांगला असेल, ते पंकवाल्यांनी ठरवावं.


मंद्रसप्तक

@दोनरंगी, जमीन शोधताय ती बेसमध्ये आहे. मी बेस वाजवतो त्यामुळे पक्षपाती आहे असं समजा, पण 'युनिटी'ची सुरुवात पुन्हा ऐका. फ्रीमनचा बेस पायरी-पायरीने चालत येतो, प्रत्येक मात्रेवर नवा स्वर, आणि गिटार त्या चालीच्या फटींत बसते. जुन्या स्काची चाल ती हीच. वेग जास्त आहे एवढंच.

आणखी एक गोष्ट. आर्मस्ट्राँग आणि फ्रीमन या बँडच्या आधी बेसिक रेडिओ नावाच्या बँडमध्ये एकत्र स्का वाजवत होते. पंक पोरांनी चवीपुरता स्का घातला असा हा प्रकार नाही.

हॉर्न सेक्शन नसल्यामुळे काय झालं तेही बघा. एरवी ट्रम्पेट-ट्रॉम्बोन जी धून वाजवतात, ती इथे कुणाला तरी वाजवावीच लागणार. ती बेस वाजवतो. 'बँकशॉट'मध्ये तर गाणं जवळजवळ नाहीच, सगळं वाजवणं. त्यात बेस काढून बघा मनातल्या मनात, काय उरतं? पुढे आर्मस्ट्राँग आणि फ्रीमनने काढलेल्या रॅन्सिड या बँडमध्ये फ्रीमन जास्त अवघड वाजवतो. 'मॅक्सवेल मर्डर'मधला त्याचा सोलो शिकण्यासाठी बेसवाले बोटं झिजवतात. पण चौघांचं संगीत एकट्या बेसवर तोललेलं ऐकायचं असेल तर ते 'एनर्जी'तच.


पितळी

मी ट्रम्पेट वाजवते. हॉर्न नसलेला स्का मला अपुरा वाटतो हे आधीच सांगते.

त्याच १९८९ साली बॉस्टनच्या मायटी मायटी बॉसटोन्सचा 'डेव्हिल्स नाइट आउट' आला. तिथेही पंक आहे, हार्डकोर (पंकचाच आणखी वेगवान, आक्रमक प्रकार) आहे, गायक तर मायकल्सपेक्षा जास्त घोगरा. पण हॉर्न आहेत, आणि हॉर्न आले की संगीताला श्वास येतो. माणसाला फुंकायला हवा घ्यावी लागते, म्हणून वाक्य कुठेतरी तुटतं, पुन्हा सुरू होतं. गिटारला तशी गरज नसते, ती न थांबता खरवडत राहते. सलग १९ गाणी ऐकून थकवा येतो म्हणतात ना लोक, त्याचं मोठं कारण मला हे वाटतं.

'बॅड टाउन'मध्ये सॅक्सोफोन आहे. तेवढ्या एका गाण्यात खिडकी उघडल्यासारखं होतं. ते ऐकलं की वाटतं, आणखी चार गाण्यांत का नाही वापरला?


तालवेडा

दोनरंगींच्या 'ड्रम पंकच्याच घाईत' याला अर्धी सहमती. मेलो स्काच्या भागात हाय-हॅट (पायाने मिटणाऱ्या झांजा) घट्ट धरतो आणि स्नेअर (कडक आवाजाचा ड्रम) मोजून मारतो. पंकच्या भागात तोच वेग दुप्पट झाल्यासारखा वाटतो, कारण स्नेअर दुप्पट वेळा पडते. पण मूळ गती बऱ्याचदा तीच असते. पायाने ठेका धरून ऐकलंत तर कळेल, पाय बदलावा लागत नाही. धागाकर्त्याने ज्याला ठेचकाळणं म्हटलंय ते तिथेच घडतं: पाय त्याच गतीने चालतोय आणि डोक्यावर अचानक दुप्पट पाऊस.

मेलोची गती मधेमधे पुढे पळते हे मात्र खरं. मला ते खटकत नाही. खटकणाऱ्यांना खोटं पाडता येणार नाही.


हेडफोन

आवाजाबद्दल बोलू या, कारण 'मुद्दामच कच्चा ठेवला' असा समज सगळीकडे दिसतो आणि तो चुकीचा आहे.

अल्बमचं रेकॉर्डिंग आधी गिलमनच्या जागेतच करून पाहिलं होतं. ते समाधानकारक झालं नाही, म्हणून टाकून दिलं आणि निर्माता केव्हिन आर्मीबरोबर स्टुडिओत पुन्हा केलं. म्हणजे कच्चेपणाचंच कौतुक असतं तर पहिलं रेकॉर्डिंग बाहेर आलं असतं. यांना नीट आवाज हवा होता. जेवढा जमला तेवढा हा आहे.

म्हणून मला दोन्ही बाजू पटत नाहीत. एकीकडचे म्हणतात बेफिकिरी हीच कला. बेफिकिरी नव्हतीच. दुसरीकडचे म्हणतात आवाज वाईट आहे. तोही तितका वाईट नाही. बेस स्पष्ट आहे, शब्द बहुतेक कळतात, गिटारचे स्वच्छ आणि फाटके दोन्ही आवाज वेगळे ओळखू येतात. कमी पडतात ते ड्रम, पातळ आहेत, आणि गर्दीने गायलेली ध्रुवपदं एकमेकांवर चढतात. लहान लेबलचा त्या काळचा पंक अल्बम म्हणून तुलना केलीत तर हा वरच्या रांगेत बसेल.


सांजपाळी

+१ हेडफोन. गिलमनमधल्या रेकॉर्डिंगचं माहीत नव्हतं.


निळी_छत्री

मी दुसऱ्या बाजूची. धागाकर्त्याने गाणी आणि कारणं मागितली आहेत, तर देते.

मला हा अल्बम कुणीतरी 'हा ऐकलाच पाहिजे' म्हणून दिला. तेव्हा गिलमन काय, लुकआउट काय, मला काहीच ठाऊक नव्हतं. पहिली चार गाणी जबरदस्त. 'नॉलेज'ने सुरुवात, मग 'साउंड सिस्टिम', 'जेडेड', 'टेक वॉर्निंग'. 'टेक वॉर्निंग'चं ध्रुवपद पहिल्याच ऐकण्यात पाठ झालं. पण त्यानंतर पत्ते तेच, फक्त पिसून वाटलेले. नवव्या-दहाव्या गाण्याच्या सुमारास कुठलं गाणं चालू आहे हे मी सांगू शकत नव्हते. आजही अल्बमच्या उत्तरार्धातली अर्धी गाणी नावावरून आठवत नाहीत, आणि मी अल्बम बऱ्याचदा ऐकलाय.

मायकल्सचा आवाज मला आवडतो, पण त्याच्याकडे एकच पट्टी आहे. दु:ख असो, राग असो, थट्टा असो, तो त्याच धापा टाकत्या सुरात सांगतो.

आता रॅन्सिडचा १९९५चा '...अँड आउट कम द वुल्व्ज' लावा. तोच गिटारवादक, तोच बेसवादक. स्काचा भाग 'टाइम बॉम्ब'मध्ये स्वतःच्या पायावर उभा राहतो, ऑर्गन येतो, गाण्यात माणूस येतो, त्याची गोष्ट येते. तिथे त्यांना कळलंय की प्रत्येक गाण्यात सगळं घालायचं नसतं. 'एनर्जी' मला त्या अल्बमची वही वाटते. वहीत कल्पना छान असतात. पण वही आणि पुस्तक यांत फरक असतो, आणि पुस्तक हातात असताना वहीलाच मोठं का म्हणायचं?

इतिहास बाजूला ठेवून सांगा. बँड दोन वर्षांत मोडला नसता, त्यातले दोघे पुढे प्रसिद्ध झाले नसते, ग्रीन डेसारख्या मोठ्या बँडने 'नॉलेज' गायलं नसतं, तर आज हा धागा निघाला असता का?


शब्दखूण

@निळी_छत्री, 'गाण्यात माणूस येतो' हे तुमचं निरीक्षण फार आवडलं, आणि तिथेच मतभेद आहे.

आर्मस्ट्राँग पुढे गोष्टी सांगू लागला: अमुक रस्ता, अमुक मित्र, अमुक रात्र. मायकल्स गोष्टी सांगत नाही, तो वाद घालतो. बहुतेक वेळा स्वतःशीच. 'नॉलेज'मध्ये काय करायचं ठरवता येत नाही अशा तरुणाची घालमेल आहे, आणि शेवटी हाती लागतं ते एवढंच की आपल्याला काही कळत नाही हे आपल्याला कळलंय. 'रूम विदाउट अ विंडो' हे स्वतःच्या मतांच्या भिंतींत कोंडलेल्या माणसांबद्दल आहे. 'द क्राउड' गर्दीत मिसळून जाण्याबद्दल. पंकमध्ये 'ते' वाईट आणि 'आपण' चांगले अशी गाणी ढिगाने सापडतात. हा माणूस आपल्यालाच, म्हणजे समोर नाचणाऱ्या पोरांनाच, प्रश्न विचारतो.

'युनिटी' आज ऐकलं की भाबडं वाटतं. एकमेकांना मारू नका, एकत्र या. पण ते कुठे गायलं जात होतं ते बघा. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या पंक कार्यक्रमांत मारामाऱ्या हा रोजचा प्रश्न होता, नाझी डोक्याचे स्किनहेड (डोकं भादरलेली टोळकी) येऊन राडा करत. गिलमनचे नियमच त्यातून आले: दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, हिंसा नाही, वर्णद्वेष नाही, स्त्रीद्वेष नाही, समलिंगींचा द्वेष नाही. वयाची अट नाही, काम स्वयंसेवक करणार. 'युनिटी' हे त्या दारावरच्या नियमांचं गाणं आहे. समोर उभ्या असलेल्या माणसाला उद्देशून, तो आत्ता हात उचलायच्या बेतात असताना गायलेलं. एक पट्टी म्हणता ती त्यामुळे असेल. भांडण थांबवणारा माणूस आवाज बदलून बदलून बोलत नाही.


निळी_छत्री

@शब्दखूण, संदर्भ वाचून गाण्याबद्दलचा आदर वाढला हे खरं. पण संदर्भ वाचल्यावरच वाढला, हाही माझाच मुद्दा झाला. गाण्यात तो प्रसंग नाही. तुम्ही सांगितलात म्हणून मला दिसला.

आणि गर्दीला उद्देशून म्हटलेलं गाणं एकटीने हेडफोनवर ऐकणाऱ्या माझ्यासारखीला पुरतं का, हा प्रश्न उरतोच.


दोनरंगी

शब्दखूण, प्रतिसाद आवडला. एक जोडतो. टू-टोनचं चिन्ह म्हणजे काळ्या सुटातला, टोपी घातलेला तो माणूस. स्पेशल्सच्या जेरी डॅमर्सने जमैकन गायक पीटर टॉशच्या एका फोटोवरून तो काढला होता. 'एनर्जी'च्या मुखपृष्ठावरचा नाचणारा माणूस मायकल्सने स्वतः काढलाय आणि तो त्याच घराण्यातला आहे, हे कुणालाही दिसेल. म्हणजे आपण कुणाचं देणं लागतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कॉव्हेंट्रीत काळे-गोरे एका मंचावर उभे राहणं हाच टू-टोनचा संदेश होता, तो त्यांनी शब्दांत उतरवला.

माझी तक्रार संगीताबद्दल आहे आणि ती कायम आहे. 'फ्रीझ अप' मात्र मला मान्य. तिथे वेग उतरतो, बेसला पसरायला जागा मिळते, गिटार गप्प राहायला शिकते. गाण्यात १९८९ साल नाव घेऊन येतं, तरी जुनं वाटत नाही. अशी सहा गाणी असती तर मी पहिल्या बाजूला येऊन बसलो असतो.


कॅसेटवेडी

सगळे 'एनर्जी' म्हणताय, पण तुम्ही नक्की काय ऐकताय?

मूळ तबकडीवर १९ गाणी, शेवट 'मिशनरी'. १९९१ला लुकआउटने सीडी काढली तिचं नाव बँडचंच, आणि तिच्यात 'एनर्जी'ची १९, 'हेक्टिक'ची ६ आणि 'टर्न इट अराउंड' या १९८७च्या संकलनातली २, अशी २७ गाणी सलग. २००६ला बँडने आपलं संगीत लुकआउटकडून काढून घेतलं, कारण लेबलकडून मानधनाचे पैसे थकले होते, आणि २००७ला आर्मस्ट्राँगच्या हेलकॅट लेबलने पुन्हा काढलं. तेही २७ गाण्यांचंच. म्हणजे १९९१नंतर ज्यांनी ऐकला त्यांतल्या बहुतेकांनी अल्बम कधी संपताना ऐकलाच नाही. 'मिशनरी' झालं की सरळ 'जंकीज रनिन ड्राय' सुरू, म्हणजे आधीच्या वर्षीचं, वेगळं रेकॉर्डिंग. निळी_छत्री, तुम्हाला मधेच सगळं एकसारखं वाटू लागलं त्यात याचा हात असू शकतो. २७ गाणी एका बैठकीत कुठल्याच बँडची ऐकू नयेत.

तबकडी मधे उलटावी लागते, तेवढा वेळ कान रिकामे राहतात. पितळी म्हणतात तो श्वास तिथे मिळतो.


पितळी

@कॅसेटवेडी, हे पटलं. पण बँडला तो श्वास स्वतःच्या वाजवण्यातून देता यायला हवा, तबकडी उलटण्यावर सोपवून कसं चालेल?


खडूफळा

माझं मत वेगळ्याच दिशेचं आहे. मला 'हेक्टिक' जास्त आवडतं. 'येलिन इन माय इअर', 'हेल्दी बॉडी', 'हिअर वी गो अगेन', सहा गाणी आणि खेळ खलास. 'एनर्जी'तलं सगळं त्यात आहे आणि पाल्हाळ नाही. कुणालाच ते आठवलं नाही म्हणून लिहिलं.


मंद्रसप्तक

@खडूफळा, 'हिअर वी गो अगेन'साठी शंभर मोदक, पण बेसचा आवाज 'एनर्जी'त जास्त मोकळा आहे, त्यामुळे माझं मत बदलणार नाही. :)


उपठेका

प्रतिसाद वाचून बरंच काही नव्याने ऐकलं. हेडफोन यांनी दिलेली माहिती तर माझ्या म्हणण्याला धार देणारी निघाली. मी सांधा म्हणतोय तो निष्काळजीपणाने राहिलेला नाही. ज्यांनी एक अख्खं रेकॉर्डिंग टाकून दिलं त्यांनी दुसऱ्यात हे सांधे ऐकले, आणि ठेवले.

निळी_छत्री यांच्या वही-पुस्तकाला उत्तर द्यायचंय, कारण सगळ्यात मजबूत मुद्दा तो आहे.

रॅन्सिडचा तो अल्बम मलाही फार प्रिय आहे. त्यातलं 'जर्नी टू द एंड ऑफ द ईस्ट बे' हे तर ऑपरेशन आयव्हीबद्दलच आहे: चौघांची गाडी, गिलमन, बँड मोडणं. सहा वर्षांनंतर मागे वळून बघणारं, दुखरं, सुंदर गाणं. पण मागे वळून बघणं हा त्याचा धर्मच आहे. काय घडलं ते त्याला माहीत आहे आणि आता तो ते नीट सांगतोय. 'एनर्जी'मध्ये कुणालाच काही माहीत नाही. 'नॉलेज'चा गायक खरोखरच काय करावं हे न कळणारा पोरगा आहे. त्या अवस्थेचं गाणं मागाहून लिहिता येत नाही. लिहिलं तर त्यात शहाणपण शिरतं. पुस्तकात जे मावत नाही म्हणून गळतं, ते वहीत असतं, आणि इथे नेमकं ते मोलाचं आहे.

इतिहास बाजूला ठेवायची सूचना मला मंजूर नाही. दोनरंगींनी स्कॅटलाइट्सबद्दल लिहिताना किंग्स्टन बाजूला ठेवलं का? तरीही तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर देतो: हो, निघाला असता. कमी लोकांनी वाचला असता, पण 'साउंड सिस्टिम'साठी मी काढलाच असता.

हॉर्नबद्दल पितळी यांच्याशी असहमत. पुढच्या दहा वर्षांत हॉर्न असलेले इतके स्का-पंक बँड झाले की हॉर्न म्हणजेच स्का अशी समजूत रूढ झाली, आणि ट्रम्पेटची ठरावीक तान वाजली की गाणं झालं असं चालू लागलं. 'एनर्जी'कडे ती सोय नव्हती. स्का आहे हे त्यांना ठोक्यातूनच सिद्ध करावं लागलं.


पितळी

ठरावीक ताना मारणारे बँड झाले यात ट्रम्पेटचा दोष नाही हो. वाईट हॉर्न पार्ट लिहिणाऱ्यांचा आहे. ठरावीक उपठोका खरवडणारे गिटारवाले काय कमी झाले?


तालवेडा

पितळी, +१००.


शब्दखूण

@उपठेका, 'लिहिलं तर त्यात शहाणपण शिरतं' याला एक उदाहरण आहे. मायकल्सने स्वतः दहा वर्षांनी, १९९९ला, कॉमन रायडर हा बँड काढला. तोच आवाज, बराचसा तोच विचार, गाणी जास्त बांधीव, स्काचा भाग जास्त निवांत. दोनरंगींना कदाचित तेच आवडेल. मला ती गाणी आवडतात, पण त्यांत तो उत्तरं देतो. 'एनर्जी'त प्रश्न विचारत होता.


दोनरंगी

कॉमन रायडर ऐकतो. ड्रम निवांत असतील तर कळवतो.


निळी_छत्री

कॅसेटवेडी यांच्या सांगण्यावरून फक्त १९ गाणी, मधे थांबून, ऐकली. फरक पडला. तबकडीची दुसरी बाजू 'गोना फाइंड यू'ने सुरू होते हे पहिल्यांदा जाणवलं; ते आधी नेहमी मधल्या गर्दीत हरवायचं, आणि ते फार गोड गाणं आहे. 'बॅड टाउन'चा सॅक्सोफोन पितळी म्हणतात तसाच. 'फ्रीझ अप' तर आता सगळ्यांत आवडतं.

पण वही ती वहीच. मी त्यातून माझा अल्बम काढला तर तो असा: पहिली चार, 'युनिटी', 'बँकशॉट', 'गोना फाइंड यू', 'बॅड टाउन', 'फ्रीझ अप', 'रूम विदाउट अ विंडो'. दहा गाणी. 'आर्टिफिशियल लाइफ', 'बिग सिटी' आणि बाकीची गेली तरी मला चुकल्यासारखं वाटणार नाही. 'न कळणाऱ्या पोरा'चा मुद्दा समजला, पण काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे न कळणं मी गुण मानायला तयार नाही.


उपठेका

दहा गाण्यांची यादी सुरेख आहे आणि मला ती ऐकायला आवडेल. पण 'आर्टिफिशियल लाइफ' काढू नका. मूळ क्रमात ते 'फ्रीझ अप'ला चिकटून येतं. 'फ्रीझ अप'मध्ये वेग उतरलेला असतो, कान सैलावलेले असतात, आणि कुठलीही सूचना न देता ते अंगावर येतं. लगेच पुढे 'रूम विदाउट अ विंडो' पुन्हा स्का घेऊन. मी म्हणतो तो सांधा एरवी एका गाण्याच्या पोटात असतो, इथे तो तीन गाण्यांवर पसरलाय. तुमच्या यादीत 'फ्रीझ अप'नंतर थेट 'रूम विदाउट अ विंडो' येतं, म्हणजे स्कावर स्का. दोन्ही गाणी चांगली, पण एकमेकांत मिसळून जातील. ती तीन गाणी मूळ क्रमाने सलग लावा, मग तुमच्या क्रमाने लावा, आणि कळवा.


निळी_छत्री

लावली. तुमच्या क्रमाने 'रूम विदाउट अ विंडो' जास्त उजळ लागतं, हे खरं. 'आर्टिफिशियल लाइफ' परत घेते. 'बिग सिटी' नाही.